तपासणीचा खर्च आणि सदोष मालाचा तोटा

शितावरून भाताची परीक्षा करण्याची रीत आपल्या घराघरांत पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. भांड्यातील प्रत्येक शीत चेपून पाहावयाचे म्हटले तर खाण्यास भात उरणार नाही, आणि एकही शीत न पाहता भांडे उतरविले तर कच्चा भात पानात पडण्याचा संभव असतो. गृहिणी दोनचार शिते काढून पाहते व निर्णय घेते. ह्या साध्या कृतीत तीन प्रश्न दडलेले आहेत. तपासणी किती करावी? ती कोठे व केव्हा करावी? आणि तिच्यावर होणारा खर्च ज्या नुकसानापासून ती वाचविते त्या नुकसानापेक्षा कमी आहे किंवा कसे? मोठमोठ्या कारखान्यांना गेल्या शंभर वर्षांत ह्याच प्रश्नांची उत्तरे शोधावी लागली. बियाणे, दूध, द्राक्षे, टोमॅटो अशा मालाच्या बाबतीत शेतकऱ्यालाही आज तीच शोधावी लागत आहेत.

कारखान्यांचा अनुभव

अमेरिकेत शिकागो शहरानजीक हॉथॉर्न येथे टेलिफोनची यंत्रसामग्री तयार करणारा एक प्रचंड कारखाना होता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तेथे सुमारे ४० हजार माणसे काम करीत, व त्यांपैकी पाच हजारांहून अधिक माणसे केवळ तपासणी खात्यात होती. माल तयार करावयाचा, नंतर तो तपासावयाचा, चांगला निराळा काढावयाचा व वाईट मोडीत टाकावयाचा अशी ती पद्धत होती. ह्या पद्धतीत मोडीत गेलेल्या नगावर धातू, मजुरी व यंत्राचा वेळ हे सर्व आधीच खर्च होऊन गेलेले असते. तपासनिसाने तो नग बाजूला काढला म्हणून त्यातील एक पैसाही परत येत नाही.

त्या कारखान्याशी संबंधित असलेले वॉल्टर शूहार्ट ह्या शास्त्रज्ञांनी १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांना एक टिपण सादर केले. त्यात एक लहानशी आकृती होती. तिलाच पुढे नियंत्रण-तक्ता हे नाव पडले. शूहार्ट ह्यांचे म्हणणे असे की, कोणतेही दोन नग तंतोतंत सारखे नसतात. थोडाफार फरक हा स्वाभाविकच होय. परंतु हा स्वाभाविक फरक एका ठराविक पट्ट्यात राहतो. एखादे मोजमाप त्या पट्ट्याबाहेर गेले, म्हणजे काही विशेष कारण घडले आहे असे समजावे, व ते कारण त्याच दिवशी शोधून काढावे. स्वाभाविक फरकाच्या मागे धावणे हा जसा अपव्यय, तसाच विशेष कारणाकडे दुर्लक्ष करणे हाही अपव्ययच. १९३१ मध्ये त्यांनी ह्या विषयावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याच्या नावातच ‘आर्थिक नियंत्रण’ हे शब्द घातले. गुणवत्तेचा प्रश्न हा शेवटी जमाखर्चाचा प्रश्न आहे, हे त्यांना त्यातून सांगावयाचे होते.

ही दृष्टी गावातील दूध संकलन केंद्रावरही उपयोगी पडते. एका सभासदाच्या म्हशीच्या दुधाचे फॅट रोज ६.४ ते ६.९ ह्या दरम्यान येत असेल, तर आज ६.५ व उद्या ६.८ का आले ह्याची चौकशी करण्यात अर्थ नाही. परंतु एखाद्या दिवशी ते एकदम ५.२ आले, तर चाऱ्यात बदल झाला, जनावर आजारी पडले, नमुना ढवळून घेतला गेला नाही, की पाणी मिसळले गेले, हे त्याच दिवशी पाहिले पाहिजे. रोजचे आकडे एका कागदावर ठिपक्यांनी मांडीत गेल्यास हे डोळ्यांना आपोआप दिसते. त्यासाठी कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागत नाही.

खर्चाचे चार भाग

गुणवत्तेच्या नावावर होणारा खर्च चार भागांत वाटून पाहण्याची पद्धत उद्योगधंद्यांत रूढ झाली आहे. पहिला भाग दोष होऊच नये म्हणून केलेल्या खर्चाचा. चांगले रोप, माणसांना शिक्षण, स्वच्छ भांडी, फवारणीची नोंदवही ही त्याची उदाहरणे होत. दुसरा भाग तपासणीचा, म्हणजे चाचण्या, नमुने व तपासनिसांची मजुरी ह्यांचा. तिसरा भाग माल आपल्या ताब्यात असतानाच सापडलेल्या दोषाचा. फेकून द्यावा लागलेला किंवा दुय्यम प्रतीत गेलेला माल ह्यात येतो. चौथा भाग माल गिऱ्हाइकाच्या हाती गेल्यावर सापडलेल्या दोषाचा असून त्यात परत आलेला माल, कापलेला भाव, गेलेले वाहतूक भाडे व गमावलेली पत ह्यांचा समावेश होतो.

ह्या चार भागांपैकी पहिले दोन आपण आपण होऊन करतो. शेवटचे दोन आपल्यावर येऊन पडतात. पहिल्या दोहोंचे आकडे वहीत दिसतात म्हणून ते बोचतात. शेवटच्या दोहोंचे आकडे मात्र पुष्कळदा ‘भाव मिळाला नाही’, ‘नशीब नव्हते’ अशा शब्दांत विरून जातात. म्हणून पहिली शिस्त ही की, सदोष मालापायी किती रक्कम गेली हे हंगामाच्या अखेरीस वहीत लिहून काढावे. हा आकडा पाहिल्यावाचून तपासणी महाग की स्वस्त हे सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, दोष जितका पुढे जातो तितका तो महाग होत जातो. द्राक्षाच्या घडातील एक नासका मणी विरळणीच्या वेळी कात्रीने काढून टाकण्यास क्षणभर लागतो. तोच मणी पॅकहाउसमध्ये सापडला तर घड उचलून पुन्हा साफ करावा लागतो व तोडणी, वाहतूक ह्यांची मजुरी त्यावर चढलेली असते. तेथेही तो निसटला, तर शीतकरण, खोका व कंटेनर ह्यांचा खर्च त्यावर बसतो. न्हावाशेवा बंदरातून निघालेल्या मालाचा समुद्रप्रवास तीनचार आठवड्यांचा असतो, व त्या अवधीत एका मण्याची कूज शेजारच्या मण्यांना लागते. रॉटरडॅमच्या गोदामात खोका उघडला जातो तेव्हा प्रश्न एका मण्याचा राहिलेला नसतो. सर्व पेटीचा, आणि कधी कधी सर्व खेपेचा झालेला असतो.

२०१० चा धडा

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांना हा जमाखर्च एकदा फार कठोरपणे शिकावा लागला. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे ह्या जिल्ह्यांतील द्राक्षे युरोपात जाऊ लागली, तेव्हा तेथील ग्राहकांनी मण्याचा आकार, गोडी व रंग ह्यांच्याबरोबर औषधांच्या अवशेषांची मर्यादाही घालून दिली. ती पाळली जावी म्हणून निर्यातीच्या बागांची नोंदणी, तोडणीपूर्वी प्रयोगशाळेच्या प्रतिनिधीने स्वतः घेतलेला नमुना, व त्याच्या निकालावर अवलंबून असलेली परवानगी अशी व्यवस्था बसविण्यात आली. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ह्या कामी शास्त्रीय मार्गदर्शन केले, आणि २००६ पासून सर्व नोंदी ‘ग्रेपनेट’ ह्या संगणकीय यंत्रणेत ठेवण्यास प्रारंभ झाला. कोणत्या पेटीतील द्राक्षे कोणत्या प्लॉटमधील आहेत, हे त्यामुळे सांगता येऊ लागले.

ही व्यवस्था चांगली होती. तरीही २०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांच्या अनेक खेपा युरोपात अडल्या. त्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड ह्या वाढनियंत्रकाचा अंश तेथील मर्यादेपेक्षा अधिक आढळला. मर्यादा होती किलोस ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. वीस टन द्राक्षांत सर्व मिळून एक ग्रॅम, असे म्हटले म्हणजे ह्या मर्यादेची कल्पना येईल.

हे द्रव्य फळांवर फवारलेले नव्हते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटींची वाढ आटोक्यात राहावी व काडीत घड तयार व्हावेत म्हणून ते वापरण्याचा प्रघात होता. वेलीत राहिलेला त्याचा अंश पुढच्या ऑक्टोबर छाटणीनंतर आलेल्या फळांत उतरला. म्हणजे दोष घडला एका वर्षीच्या उन्हाळ्यात, आणि सापडला दुसऱ्या वर्षी, सातासमुद्रापलीकडे. मधल्या काळात ह्याच बागांतील नमुने प्रयोगशाळेत तपासले गेले होते व ते उत्तीर्णही झाले होते, कारण त्या वेळी तपासावयाच्या द्रव्यांच्या यादीत ह्या द्रव्याचे नाव नव्हते.

ज्या बागायतदारांनी नियमाप्रमाणे नोंदणी केली, नमुना दिला व शुल्क भरले, त्यांच्याही मालाला ह्याची झळ लागली. निर्यातदारांचे पैसे अडकले, व बागेवर काढलेल्या कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. पुढील काळात हे द्रव्य तपासणीच्या यादीत घालण्यात आले, आणि निर्यातीच्या बागांत त्याचा वापर टाळण्याबद्दल बागायतदारांना सांगण्यात आले.

ह्या घटनेपासून तीन बोध निघतात. पहिला असा की, तपासणी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. ‘नमुना उत्तीर्ण’ ह्याचा अर्थ ‘यादीतील दोष आढळले नाहीत’ एवढाच होतो. दुसरा असा की, शेवटच्या टप्प्यावरील तपासणीने दोष कळतो, परंतु तो काढता येत नाही. वेलीत मुरलेले द्रव्य धुऊन जात नाही. तिसरा बोध खर्चाचा आहे. खरड छाटणीच्या वेळी ‘हे औषध कशासाठी, त्याचा अंश किती दिवस राहतो, व माल जेथे जाणार तेथे त्याची मर्यादा काय’ एवढी चौकशी करण्यास जवळजवळ काहीच खर्च लागला नसता.

सर्व माल तपासावा की मुळीच तपासू नये?

सर्व माल तपासणे हे नेहमीच शहाणपणाचे असते, असे पुष्कळांस वाटते. हिशेब तसे सांगत नाही. जपानी उद्योगांना १९५० पासून ह्या विषयाचे शिक्षण देणारे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग ह्यांनी पुढे एक सोपा नियम मांडला. एक नग तपासण्यास येणारा खर्च काढावा. एक सदोष नग पुढे गेल्यास होणारे नुकसान काढावे. पहिल्यास दुसऱ्याने भागावे. मालात सदोष नगांचे प्रमाण ह्या भागाकारापेक्षा अधिक असेल, तर प्रत्येक नग तपासावा. कमी असेल, तर तपासणीवर खर्च करू नये.

समजा, टोमॅटोच्या १०० क्रेट बाजारात पाठवावयाच्या आहेत. प्रत्येक क्रेट रिकामी करून, तळचा माल पाहून पुन्हा भरण्यास ४ रुपये मजुरी पडते. खराब क्रेट गेल्यास व्यापारी ४० रुपये कापतो. ४ भागिले ४० म्हणजे एक दशांश. शंभरांत ५ क्रेट खराब असतील, तर न तपासता २०० रुपये जातील, व तपासल्यास ४०० रुपये मजुरी जाईल. शंभरांत २० खराब असतील, तर न तपासता ८०० रुपये जातील, व तेथे ४०० रुपयांची मजुरी परवडेल. मात्र नुकसानाचा आकडा मांडताना केवळ कापलेली रक्कम धरू नये. त्या व्यापाऱ्याने पुढील वेळी आपल्या सर्वच मालाला दोन रुपये कमी देण्याचे ठरविले, तर तेही नुकसानातच धरले पाहिजे.

आता दुधाचा हिशेब पाहू. समजा, गावच्या शीतकरण टाकीत १,००० लिटर दूध असून भाव लिटरला ३० रुपये आहे. नासलेले किंवा भेसळीचे दूध टाकीत पडल्यास ३० हजार रुपयांचा माल बाद होतो. वास, चव, लॅक्टोमीटर व फॅट पाहण्यास प्रत्येक सभासदामागे ५ रुपये खर्च येतो असे धरले, तर भागाकार सहा हजारांश येतो. सहा हजार वेळांत एकदा जरी वाईट दूध येत असेल, तरी प्रत्येकाचे दूध प्रत्येक वेळी तपासणेच फायद्याचे. म्हणून ओळखीचा माणूस आहे, घाई आहे, पाऊस आहे, अशा सबबींवर संकलन केंद्रावरील ही तपासणी टाळणे हा औदार्याचा प्रकार नसून इतर सभासदांचे पैसे पणाला लावण्याचा प्रकार होय.

परंतु प्रतिजैविक औषधांचा अंश ओळखण्याची चाचणी महाग असते. समजा, तिला ६० रुपये लागतात व १५० सभासद दूध घालतात. प्रत्येकाचे दूध तपासावयाचे तर एका वेळेस ९,००० रुपये हवेत. हजारांत एकाच्या दुधात असा अंश येत असेल, तर सरासरीने अपेक्षित नुकसान ४,५०० रुपये; म्हणजे येथे तपासणी नुकसानापेक्षा दुप्पट महाग पडते. मग ते दूध तसेच जाऊ द्यावे काय? मुळीच नाही. येथे उपाय निराळा आहे. कोणत्या गोठ्यातील जनावरावर कोणत्या तारखेस उपचार झाला ह्याची वही केंद्रावर ठेवावी, पशुवैद्यकाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत त्या जनावराचे दूध निराळे ठेवावे, आणि मुदत संपल्यावर त्याच जनावराच्या दुधाची चाचणी करावी. अशी जनावरे तीन असली तर खर्च १८० रुपये. नऊ हजारांचे काम १८० रुपयांत होते ते माहितीच्या बळावर. ती माहिती खरी मिळण्यासाठी मात्र ज्याने प्रामाणिकपणे उपचार कळविला त्याला दंड होता कामा नये. उलट त्या दिवसांच्या दुधाची थोडी भरपाई संस्थेने दिली, तर ती संस्थेस स्वस्तच पडेल.

नमुना किती व कसा घ्यावा?

पुष्कळ चाचण्यांत माल नष्टच होतो. प्रयोगशाळेत वाटलेली द्राक्षे विकता येत नाहीत, व मोड आलेले बी पुन्हा पोत्यात भरता येत नाही. अशा ठिकाणी नमुन्यावाचून गत्यंतर नाही. नमुना किती असावा ह्याविषयी मात्र गैरसमज फार आहेत.

समजा, एका ढिगात शंभरांत ५ नग सदोष आहेत. त्यातून १० नग उचलून पाहिले, तर दहाही चांगले निघण्याचा संभव शंभरांत सुमारे ६० असतो. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा हा दोष दिसणारच नाही. २० नग पाहिल्यास तो संभव सुमारे ३६ वर येतो, व ६० नग पाहिल्यास ५ पेक्षाही खाली जातो. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, ढीग २,००० नगांचा असो की २०,००० चा, हे आकडे जवळजवळ तेच राहतात. ‘शेकडा एक नमुना घ्यावा’ हा ठोकताळा म्हणूनच फसवा आहे. लहान ढिगात तो अपुरा ठरतो व मोठ्या ढिगात विनाकारण खर्च वाढवितो. खात्री येते ती पाहिलेल्या नगांच्या संख्येमुळे.

परंतु त्यास एक अट आहे. भांड्यातील भात एकाच आचेवर व एकाच पाण्यात शिजलेला असतो, म्हणून चार शिते पुरतात. पोत्यातील धान्य, ट्रॉलीतील कांदा व कॅनमधील दूध ह्यांचे तसे नसते. दुधावर साय चढते, ओलसर धान्य तळाशी राहते, व चांगला माल वर मांडण्याचा मोह सर्वांनाच असतो. म्हणून दूध नीट ढवळूनच नमुना घ्यावा. पोत्यात पोकळ सळई वरून, मधून व तळातून खुपसून धान्य काढावे. आणि कोणते पोते पाहावयाचे हे विकणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकून ठरवावे.

ह्या शास्त्राचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस ह्यांनी १९३१ मध्ये कलकत्ता येथे भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. शूहार्ट हे १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले, व त्यानंतर येथील कारखान्यांत सांख्यिकी गुणनियंत्रणाचा प्रसार होऊ लागला. शेतीच्या क्षेत्रात, सातारा जिल्ह्यातील बुध ह्या गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांना शास्त्रीय बैठक दिली. त्या काळी प्लॉट केवढा असावा ह्यावर वाद झाला होता. अगदी लहान प्लॉट घेतल्यास काम स्वस्तात होते, परंतु कडेवरील झाडे आत धरण्याकडे माणसाचा हात वळतो व उत्पादन वाजवीपेक्षा अधिक दिसते, असे सुखात्मे ह्यांनी दाखवून दिले. स्वस्त तपासणी चुकीचा आकडा देत असेल, तर ती स्वस्त नव्हे. गावपातळीवरील कार्यकर्ते आजही पीक कापणीचा प्लॉट नेमून दिलेल्या रीतीने ठरवितात, स्वतःच्या पसंतीने नव्हे. त्यामागील कारण हेच आहे.

बियाण्याची उगवण: घरची तपासणी

सर्वांत थोड्या खर्चात सर्वांत मोठे नुकसान टाळणारी तपासणी कोणती, असा प्रश्न केल्यास बियाण्याची उगवणक्षमता पाहणे हेच उत्तर द्यावे लागेल. २०१९ च्या ऑक्टोबर महिन्यात सोयाबीन काढणीच्या वेळी पावसाने गाठले व पुष्कळ ठिकाणी दाणे भिजले. पुढच्या वर्षी, २०२० च्या खरिपात, मराठवाडा व विदर्भ ह्या भागांतून सोयाबीन उगवले नाही अशा हजारो तक्रारी आल्या. दुबार पेरणी म्हणजे एकरी ३० किलो बियाणे, खत व मजुरी ह्यांचा पुन्हा खर्च. आणि पावसाचे गेलेले दिवस तर कोणत्याही किमतीस परत मिळत नाहीत.

सोयाबीनचे बाह्य आवरण पातळ असते. पोते आपटल्याने, भिजल्याने किंवा उष्ण जागी साठविल्याने आतील अंकुर दुखावतो, परंतु दाणा वरून चांगलाच दिसतो. म्हणून डोळ्यांनी पाहून भागत नाही. घरच्या बियाण्याच्या सर्व पोत्यांतून थोडे थोडे दाणे काढून ते एकत्र करावे. त्यातून निवड न करता १०० दाणे मोजावे. गोणपाटाचा तुकडा धुऊन ओला करावा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्या, वर दुसरा ओला तुकडा ठेवून गुंडाळी करावी व ती सावलीत ठेवून पाणी शिंपडीत राहावे. पाचसहा दिवसांनी निरोगी मोड आलेले दाणे मोजावे. सत्तर किंवा अधिक उगवल्यास बियाणे नेहमीच्या प्रमाणात, म्हणजे एकरी ३० किलो, वापरावे. साठच उगवल्यास त्याच हिशेबाने ३५ किलो घ्यावे. साठांहून कमी उगवल्यास ते बियाणे पेरू नये हे उत्तम.

येथेही नमुन्याचे शास्त्र विसरू नये. ज्या बियाण्याची खरी उगवण ७० टक्के आहे, त्याच्या शंभर दाण्यांच्या चाचणीत केवळ योगायोगाने ६१ पासून ७९ पर्यंत कोणताही आकडा येऊ शकतो. चार गुंडाळ्या करून ४०० दाणे पाहिल्यास हा पल्ला सुमारे ६५ ते ७५ इतका आखूड होतो. बीज परीक्षण प्रयोगशाळेत ४०० दाणे घेतात ते ह्यासाठीच. एक गुंडाळी ६४ दाखविते म्हणून लगेच बियाणे टाकून देऊ नये, व ७६ दाखविते म्हणून निर्धास्तही होऊ नये. आणखी तीन गुंडाळ्यांना लागतो तो गोणपाटाचा तुकडा, थोडे पाणी व थोडी सवड. चाचणी मात्र पेरणीच्या पुरेशी आधी करावी, म्हणजे निकाल वाईट आल्यास दुसरे बियाणे मिळविण्यास वेळ राहील.

तपासणीचा लाभ कोणास मिळतो?

शेतमालाच्या प्रतवारीसाठी आपल्याकडे १९३७ साली कायदा झाला व ‘अॅगमार्क’ हे चिन्ह प्रचारात आले. प्रत ठरली म्हणजे दूरचा गिऱ्हाईक माल न पाहताही भाव देऊ शकतो, हा त्यामागील विचार. तथापि शेतकऱ्यांची एक तक्रार रास्त आहे. प्रतवारी करावी, मजुरी सोसावी, आणि बाजारात चांगल्या व साधारण मालाला एकच भाव मिळावा, असे घडल्यास प्रतवारीचा सर्व खर्च तोट्यात जातो. अशा वेळी शेतकऱ्याने प्रतवारी केली नाही, तर तो अज्ञानी नव्हे. त्याचा हिशेब बरोबर आहे.

म्हणून प्रतवारीचा उपदेश करण्यापूर्वी दोन प्रतींच्या भावांतील फरक पाहिला पाहिजे. तो क्विंटलमागे येणाऱ्या प्रतवारीच्या खर्चापेक्षा अधिक असेल, तरच ती करावी. नसेल, तर गावातील अनेकांनी एकत्र येऊन माल एका नावाने, एका प्रतीने, पुरेशा प्रमाणात विकावयास हवा. एकट्याच्या दहा क्रेट कोणी निराळ्या भावाने घेत नाही; शंभरांच्या हजार क्रेट घेणारा गिऱ्हाईक मिळू शकतो. निर्यातीसाठी महाराष्ट्रातील द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ ची स्थापना केली, त्याच्या मुळाशी हाच विचार होता.

त्याचप्रमाणे तपासणीचा निकाल ज्याचा माल त्यास कळला पाहिजे. फॅटचा आकडा त्याच वेळी दाखविला जात नसेल, किंवा माल नाकारताना कारण लिहून दिले जात नसेल, तर ती तपासणी केवळ भाव पाडण्याचे साधन बनते, व तिच्यामुळे पुढील मालात काडीचीही सुधारणा होत नाही.

कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्या दृष्टीने पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. मे महिन्यात गावातील किमान दहा शेतकऱ्यांकडील घरच्या बियाण्याची उगवण चाचणी त्यांच्याच हातून करवून घ्यावी, व निकाल चावडीवरील फळ्यावर लिहावा.

२. दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर व फॅटची यंत्रे महिन्यातून एकदा पडताळून घेतली जातात किंवा नाही, हे पाहावे. चुकीचे माप रोज शेकडो वेळा चूक करते.

३. केंद्रावर औषधोपचार झालेल्या जनावरांची वही सुरू करावी.

४. फळबागांत फवारणीची नोंदवही ठेवण्यास शिकवावे. तारीख, औषधाचे नाव, प्रमाण व कारण एवढे चार रकाने पुरेत.

५. हंगामाच्या अखेरीस सदोष मालापायी गेलेली रक्कम शेतकऱ्यांकडून वहीत लिहवून घ्यावी, व पुढील वर्षी तिच्याशी तुलना करावी.

ह्यांपैकी कोणत्याही कामास मोठे भांडवल लागत नाही. हॉथॉर्नच्या कारखान्यात पाच हजार माणसे मालाची तपासणी करीत असताना जे साधले नाही, ते एका कागदावरील काही ठिपक्यांनी साधण्याचा मार्ग दाखविला, कारण दोष कोठे जन्मला हे त्या ठिपक्यांनी सांगितले. शेतात दोष जन्मतो तो बियाण्याच्या पोत्यात, गोठ्यातील बादलीत, किंवा खरड छाटणीनंतरच्या फवारणीत. तेथे शेतकरी स्वतः उभा असतो. येत्या हंगामात पेरणीपूर्वी गोणपाटाच्या चार गुंडाळ्या करून त्याने ह्या कामास आरंभ करावा.